महामारीतला जखमी माणूस

महामारी आली म्हणून जिन्यावरून पाय घसरायचे थांबत नाहीत, की विळीने बोट कापायचे राहत नाही. २०२० साली सारे जग कोरोनाच्या आकड्यांकडे डोळे लावून बसले होते, तेव्हा या साध्या गोष्टीचा बहुतेकांना विसर पडला. मला तो पडणे शक्य नव्हते. कारण त्या वर्षी मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर होतो.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली. ९३७ गाड्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर, अशी तिची मूळ रचना. जखमीच्या बाबतीत आमचे सारे शास्त्र एका तासाभोवती फिरते. अपघातानंतरचा हा पहिला तास म्हणजे ‘सुवर्ण तास’. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातही त्याची व्याख्या आहे. महामारीने घाला घातला तो नेमका या तासावर.

कसा, ते पाहा. पूर्वी फोन आला की आम्ही धावत सुटायचो. आता आधी डोक्यापासून पायांपर्यंतचा पोशाख, मुखपट्टी, चष्मा, हातमोज्यांचे दोन जोड, एवढा साज चढवावयाचा. चष्म्यावर वाफ धरायची आणि शीर दिसायची नाही. दुहेरी मोज्यांतून नाडी लागायची नाही. जखमीला कोरोना आहे की नाही हे जागच्या जागी कळत नसे, म्हणून तो आहेच असे धरून चालावे लागे. घशातले रक्त ओढून काढणे, श्वासनलिकेत नळी घालणे, ही जीव वाचवणारी कामेच संसर्गाच्या दृष्टीने अधिक धोक्याची ठरली. रुग्ण उतरवल्यावर गाडी जंतुनाशकाने पुसून होईपर्यंत पुढचा जखमी वाट पाहत राही.

टाळेबंदीतल्या एका दुपारी, वडिलांची औषधे आणायला निघालेला एक तरुण दुचाकीवरून पडला. मांडीचे हाड मोडले होते. भोवती माणसे होती, पण चार हात दूर. रक्त वाहत होते आणि ते दाबून धरायला एकही हात पुढे आला नव्हता. पहिल्या रुग्णालयाचा अपघात विभाग कोरोनाच्या रुग्णांसाठी दिलेला. दुसऱ्याने आत घेतले. रक्तदान शिबिरे बंद पडल्याने तिथे रक्ताची वाण होती. आई फाटकाबाहेरच अडली. “डॉक्टर, त्याला ताप नाही हो, तो नुसता पडलाय,” एवढेच ती पुनःपुन्हा सांगत होती. पोरगा वाचला, पाय मात्र कापावा लागला.

२०१९ साली देशात रस्ते अपघातांत दीड लाखाहून अधिक माणसे गेली. २०२० साली टाळेबंदी असूनही हा आकडा १,३०,००० च्या खाली उतरला नाही. अपघात घटले, पण दर शंभर अपघातांमागे मृत्यू वाढले. मोकळा रस्ता दिसला की वेग वाढतो, हे आम्ही रोज पाहत होतो. आणि वेगाने झालेल्या जखमेला उशीर मुळीच सोसत नाही.

वाचकहो, मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा या दिवाळीत घरातल्या मोठ्या मुलांना एवढे शिकवून ठेवा: १०८ ला फोन करावा, जवळची ठळक खूण सांगावी, मान हलवू नये आणि वाहती जखम स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावी. साथ असेल तर तोंडाला पट्टी बांधून दाबावी, नंतर हात साबणाने धुवावेत. पण गाडी येईपर्यंत हात काढू नये.