राहीचा नेम आणि आपला विसर

टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेमबाज राही सरनोबत ३२ वी आली, तेव्हाच अनेकांनी तिचे नाव निवृत्तांच्या यादीत टाकले होते. पुढे मज्जातंतूंच्या दुखण्याने तिला स्पर्धांपासून तोडले आणि तिच्या कोल्हापूरबाहेर तिची चौकशीही थांबली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले आणि मथळे पुन्हा तिच्या नावाचे झाले.

या प्रकारात शरीर किती झिजते, हे टीव्हीवर कळत नाही. पिस्तूल एकाच हातात, टेका कशाचाच नाही, ट्रिगरला किमान एक किलोचा जोर. पात्रता फेरीच्या पहिल्या ३० गोळ्या सावकाश झाडायच्या. उरलेल्या ३० ची तऱ्हा निराळी. हात तिरपा खाली धरून थांबायचे, इशारा मिळाला की तीन सेकंदांत हात वर, नेम आणि गोळी. सात सेकंद विसावा, की पुन्हा तेच. अंतिम फेरी सगळी याच वेगाची, आणि तिथे १०.२ पेक्षा कमी भरलेली गोळी वाया.

साहजिकच कोपरावर मोठा भार येतो. राही २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय पिस्तूल नेमबाज, २०१४ मध्ये ग्लासगोची राष्ट्रकुल विजेती, आणि मग तिचे हेच कोपर दुखावले. रिओ ऑलिम्पिक हुकले.

इथून पुढची गोष्ट खरी सांगण्याजोगी. २०१७ मध्ये राहीने मुंखबयार दोर्जसुरेन यांना प्रशिक्षक नेमले, तेही स्वतःच्या खिशातून. मंगोलियात जन्मलेल्या या बाईंनी १९९२ मध्ये मंगोलियासाठी आणि २००८ मध्ये जर्मनीसाठी, अशी दोन ऑलिम्पिक कांस्ये जिंकली. दोन पदकांमध्ये १६ वर्षे! दुखापतीतून उठणाऱ्या खेळाडूला याहून योग्य गुरू कुठून मिळणार?

फळ जकार्तात दिसले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत मनू भाकर ५९३ गुणांनी पहिली, राही ५८० वर सातवी. अंतिम फेरीत सगळ्यांचे गुण शून्यापासून सुरू झाले. राही आणि थायलंडची नफस्वान यांगपायबून ३४-३४ वर अडकल्या. पहिला शूट-ऑफही ४-४ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्यात राहीने ३-२ ने बाजी मारली. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. त्यानंतर २०१९ मध्ये म्युनिक आणि २०२१ मध्ये ओसियेक इथल्या विश्वचषकांतही तिने सुवर्ण मिळवले.

पॅरिस ऑलिम्पिकच्या तयारीसाठी राष्ट्रीय संघटनेने पिस्तूल संघाला विदेशी प्रशिक्षक दिल्या, त्या याच मुंखबयार. कोल्हापूरच्या एका मुलीला जे आधी उमगले, ते व्यवस्थेला उमगायला काही वर्षे गेली.

राज्य सरकारने राहीला उपजिल्हाधिकारीपद दिले, ते योग्यच झाले. मात्र खेळाडूला सर्वाधिक गरज असते ती पदक नसलेल्या वर्षांत: फिजिओची, प्रशिक्षकाच्या मानधनाची, सरावाच्या गोळ्यांची. जायबंदी खेळाडू पुन्हा उभा राहीपर्यंत त्याचा खर्च उचलणारी तरतूद महाराष्ट्राने आता करायलाच हवी. प्रत्येकीला राहीसारखे स्वतःच्या खिशातून उभे राहणे परवडणार नाही.