क्लचचा आवाज : आधी ऐका, मग खोला



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम याविषयी लिहितो. या वेळी क्लचविषयी लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याला मिस्त्रीकामातले काय कळते, असे कोणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. परंतु आमच्या एका चुकीच्या सल्ल्यामुळे एका सभासदाचे नुकसान झाले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

गेल्या हंगामात हे सभासद गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, क्लच दाबला की ट्रॅक्टर किंचाळतो. एक दिवस उभा करून दाखवून आणू का?" त्यांच्या फडात तोडणी चालू होती. आम्ही म्हणालो, "एवढा प्लॉट निघू द्या, मग पाहू." बारा दिवसांनी क्लचचे बेअरिंग फुटले आणि भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर रस्त्यातच बसला. कापलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, हे आम्हीच तुम्हाला दरवर्षी सांगतो. तो ऊस तिसऱ्या दिवशी काट्यावर आला. वजन घटले, साखर उतरली. फुटलेल्या बेअरिंगने प्रेशर प्लेटची बोटेही खाल्ली, तो खर्च वेगळाच. सल्ला आमचा होता, नुकसान त्यांचे झाले.

आलापल्लीचा धडा

गाळप संपल्यावर उन्हाळ्यात आम्ही आमची जुनी महिंद्र जीप घेऊन चंद्रपूरमार्गे आलापल्लीस गेलो. भामरागड रस्त्यावरचे वनवैभव पाहायचे होते. १९५३ पासून कुऱ्हाड न लावता राखलेले हे सागाचे जंगल २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली आणि जीप उभी केली की खालून बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली. वाटेत एका ठिकाणी दाखवली. तिथे सांगण्यात आले की गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले, पेटी उतरवावी लागेल, दोन दिवस लागतील.

आलापल्लीत एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. उमेदीची वर्षे त्यांनी लाकडाच्या ट्रकांखाली काढलेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. इंजिन चालू ठेवायला लावले आणि म्हणाले, "साहेब, पाय पेंडलवर नुसता ठेवा. दाबू नका." पाय टेकवताच चिरचिर बंद झाली. पाय उचलला, पुन्हा सुरू. मिस्त्री म्हणाले, "मंग पेटी कायले खोलता?" खाली वाकून पाहिले तर पेडल मागे ओढणारी स्प्रिंग तुटलेली होती. स्प्रिंग बसवली, दांड्याचा नट फिरवून पेडलची मोकळी चाल नीट केली, अर्ध्या तासात काम झाले. दुसऱ्या दिवशी जंगल पाहून आम्ही त्याच जीपने परत आलो.

तेव्हा कळले की क्लचचा आवाज कोणत्या जागी सुरू होतो आणि कोणत्या जागी थांबतो, यावरच दोष सांगता येतो. गेल्या हंगामात ही परीक्षा आम्हाला ठाऊक असती, तर त्या सभासदाला आम्ही त्याच दिवशी ट्रॅक्टर उभा करायला सांगितले असते.

क्लचच्या आत काय असते

इंजिनच्या मागे फ्लायव्हील फिरते. त्याच्यावर क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट असते. क्लच प्लेटच्या मधून गिअरबॉक्सचा शाफ्ट जातो. त्याचे पुढचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यभागी एका लहान बुशात किंवा बेअरिंगमध्ये टेकलेले असते, त्याला पायलट म्हणतात. आपण पेडल दाबतो तेव्हा एक काटा रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. ते बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते, प्लेट सुटते आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे जाणे थांबते.

पाय वर असताना रिलीज बेअरिंग बोटांना लागू नये, म्हणून जुन्या गाड्यांत पेडलला थोडी मोकळी चाल ठेवतात. जुन्या जीपला ही चाल पेडलजवळ सुमारे १ इंच असते. बहुतेक ट्रॅक्टरांना २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात असेल तोच आकडा धरावा. काही नव्या गाड्यांत क्लच तेलाच्या दाबावर चालतो व बेअरिंग कायम टेकलेले असते. त्यांना ही मोकळी चाल लागू नाही.

घरच्या घरी परीक्षा

ट्रॉली सोडून ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. हँडब्रेक ओढून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, पी.टी.ओ. बंद ठेवावा, पुढे-मागे कोणी उभे राहू नये. गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन मंद गतीवर चालवावे आणि पेडल अगदी सावकाश दाबत कान द्यावा.

१) पाय वर असताना चिरचिर आहे आणि पाय नुसता टेकवताच ती थांबते : रिलीज बेअरिंग बोटांना ओझरते घासते आहे. मोकळी चाल, ओढ-स्प्रिंग आणि काट्याची खुंटी पाहावी. काही उतरवण्याची घाई करू नये.

२) पाय वर असताना घरघर आहे, पाय टेकवून फरक पडत नाही, पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र ती थांबते : पेडल पूर्ण दाबल्यावर गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरायचा थांबतो, म्हणून हा दोष बहुधा गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा असतो. प्रथम गिअर ऑइलची पातळी पाहावी.

३) मोकळी चाल संपताच आवाज सुरू होतो व दाबत जाल तसा वाढतो : रिलीज बेअरिंग झिजले आहे. वर सांगितलेल्या सभासदाच्या ट्रॅक्टरचा आवाज हाच होता. हा आवाज हंगामभर थांबत नाही. तो लवकर दुरुस्त करावा.

४) पेडल अगदी तळाला गेल्यावरच किंचाळी येते : पायलटचा संशय धरावा. क्लच लागलेला असताना फ्लायव्हील व शाफ्ट एकत्र फिरतात, त्यामुळे पायलटमध्ये घर्षण नसते. क्लच सुटल्यावर फ्लायव्हील फिरते, शाफ्ट थांबतो, आणि कोरडा बुश ओरडू लागतो.

५) उभ्या गाडीत आवाज नाही, पण सुटताना ठोका बसतो किंवा गाडी थरथरते : क्लच प्लेटवरच्या स्प्रिंगा मोडल्या असतील, प्लेटवर तेल आले असेल, किंवा इंजिनचे माउंटिंग ढिले असेल. माउंटिंगचे बोल्ट बाहेरून दिसतात, ते आधी पाहावेत.

पहिला आणि दुसरा आवाज कानाला जवळजवळ सारखेच वाटतात. पण एक अर्ध्या तासात सुटतो आणि दुसऱ्यासाठी पेटी उतरवावी लागते. म्हणून पाय टेकवून पाहण्याची ही साधी परीक्षा कोणीही चुकवू नये.

उघडावेच लागले तर

ट्रॅक्टरचा क्लच काढायचा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. मजुरी एकदाच पडते. म्हणून एकटे रिलीज बेअरिंग बदलून जोडू नये. क्लच प्लेट, प्रेशर प्लेटची बोटे, पायलट, काटा आणि मागचा ऑइल सील हे सर्व त्याच वेळी तपासून घ्यावे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे असतील तर मिस्त्रीला विचारावे.

काही गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. नवे रिलीज बेअरिंग बंद प्रकारचे असेल तर ते डिझेलमध्ये धुऊ देऊ नये, आतले ग्रीस निघून जाते. सच्छिद्र कांशाचा पायलट बुश असेल तर तो तेलात भिजवून बसवावा. शाफ्टच्या खाचांना ग्रीस बोटभर नको, पुसटसे पुरे. जास्त लावले तर ते प्लेटवर उडते. प्लेट बरोबर मध्यावर बसवून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. जोडताना गिअरबॉक्सचे वजन क्लच प्लेटवर लटकू देऊ नये, प्लेट वाकते.

आणखी एक महत्त्वाचे. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, तोंडाने फुंकू तर मुळीच नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके नीट बांधून टाकावे. लहान मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये.

पाय कुठे ठेवता?

बहुतेक क्लच वयाने जात नाहीत, पायाने जातात. पेडलवर पाय ठेवून चालवणे, काट्याच्या रांगेत क्लच दाबून उभे राहणे, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलणे, या तिन्ही सवयींमुळे बेअरिंग व प्लेट झिजतात. रांगेत थांबलात की गिअर काढून पाय खाली घ्यावा.

हे केवळ ट्रॅक्टरपुरते नाही. इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार हौशी लोक आजही जपतात. तिच्या रिलीज बेअरिंगमध्ये गोळ्या नसतात, कार्बनचे कडे असते. पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्याच्या हातात ते कडे फार दिवस टिकत नाही. गाडी शर्यतीची असो की उसाची, क्लचला पायाचे ओझे सोसत नाही.

विनंती

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वाहतूकदार सभासदाने ही परीक्षा एकदा करावी. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. दोष निघाल्यास टोळी फडात येण्यापूर्वीच दुरुस्ती उरकावी. आणि हंगामात आवाज आलाच तर गट ऑफिसला येऊन सांगावे. त्या सभासदाची तोडणी एखादा दिवस पुढे घेण्याची शिफारस आम्ही करू. उभा ऊस एक दिवस थांबू शकतो, कापलेला थांबत नाही. "सीझन निघू द्या" असे उत्तर आमच्याकडून पुन्हा मिळणार नाही.

— ऊस विकास अधिकारी