मेरय आणि अनुज्ञा : कायद्याची मोकळीक व पाचवे शिक्षापद

दि. 27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केट व मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. द्राक्षबागायतदारांचे हित हे त्याचे प्रमुख कारण सांगण्यात आले आणि साहजिकच साऱ्या राज्याची दृष्टी आपल्या नाशिक जिल्ह्याकडे वळली. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे विधानही त्या दिवसांत राजकीय पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकू आले. पुढे निर्णयास विरोध झाला, सरकार बदलले आणि तो अमलात आला नाही. परंतु त्या निमित्ताने उपासकांपुढे आलेला प्रश्न मात्र उरला. आज जे निषिद्ध आहे ते उद्या शासनाने कायदेशीर केले, तर आपण ग्रहण केलेल्या शीलाचे काय?

प्रथम 'वाइन म्हणजे दारू नव्हे' या विधानाचा विचार करू, कारण विनयपिटकात त्याचे उत्तर तयार आहे. पाचव्या शिक्षापदात 'सुरा' आणि 'मेरय' असे दोन शब्द येतात. आपण ते त्रिसरण-पंचशील म्हणताना एका दमात उच्चारतो आणि दोन्हींचा अर्थ 'दारू' असा करून पुढे जातो. पाचित्तिय विभागात सुरापानाचे शिक्षापद आहे. तेथील पदभाजनीत हे दोन शब्द वेगळे करून समजावले आहेत. पीठ, पुवे, भात यांपासून किण्व घालून केलेली ती सुरा. आणि फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेला आसव तो मेरय. 'फलासव' हा शब्द तेथे स्पष्टपणे आलेला आहे. द्राक्षाची वाइन हा फलासव होय. ती सुरा नाही हे खरे, परंतु ती मेरय आहे, आणि शिक्षापदात मेरय सुरेच्या शेजारीच बसलेले आहे.

याचा अर्थ तथागतांचा रोष द्राक्षावर होता असा नव्हे. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात आठ पेये भिक्खूंना अनुमत केली आहेत. आंबा, जांभूळ, केळे यांच्या रसाबरोबर त्यांत 'मुद्दिकापान', म्हणजे द्राक्षाचा रस, आहे. एकाच फळाचा रस चालतो आणि त्याचाच आसव चालत नाही. ही रेषा फळावरून अथवा प्रतिष्ठेवरून ओढलेली नाही. पेय चित्ताला प्रमादाकडे नेते की नाही, एवढेच तेथे पाहिले आहे. म्हणून तर शिक्षापदात 'पमादट्ठान' हा शब्द आहे. त्याच खन्धकात पिलिन्दवच्छ थेरांच्या आजारात तेलाच्या काढ्यात मद्य मिसळण्यास अनुमती मिळाली. काही भिक्खूंनी मद्य जास्त घातले व ते झिंगले, तेव्हा मद्याचा रंग, वास व चव यांपैकी काहीच जाणवू नये अशी मर्यादा घालण्यात आली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्येही औषधी उपयोगाचा अपवाद आहेच.

आता कायद्याकडे वळू. 'आता कोणत्या व्यसनाला मान्यता मिळणार?' ही चर्चा अमेरिकेत बरीच वर्षे चालू आहे. त्या देशाने 1920 मध्ये संपूर्ण दारूबंदी केली आणि 1933 मध्ये ती उठवली. 1931 मध्ये नेवाडा राज्याने जुगार खुला केला. 1964 मध्ये न्यू हॅम्पशायरने सरकारी लॉटरी सुरू केली. 2012 मध्ये कोलोराडो व वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी गांजाला मान्यता दिली. 2023 अखेर अशा राज्यांची संख्या 24 झाली. 2018 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खेळांवरील सट्ट्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला. ही वाट एकाच दिशेने जाते असेही नाही. ओरेगॉन राज्याने 2020 मध्ये अमली पदार्थ अल्प प्रमाणात बाळगणे गुन्ह्यातून वगळले आणि 2024 मध्ये तो गुन्हा पुन्हा आणला.

महाराष्ट्राचा इतिहास याहून कमी वळणाचा नाही. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. तो रद्द झालेला नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने तो आजही लागू आहे. कायद्याच्या नावात बंदी आहे आणि त्याच कायद्याखाली परवाने दिले जातात! 1960 च्या दशकात बंदी सैल झाली. 1973 च्या नियमांनी देशी दारूची व्यवस्था लावली. 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले आणि विंचूरचे वाइन पार्क आपल्या जिल्ह्याच्या ओळखीचा भाग बनले. गडचिरोलीत 1993 मध्ये बंदी आली. चंद्रपूरमध्ये ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली.

बंदी असताना दारू मिळत नव्हती असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही. ज्याच्याकडे पैसा व परवाना होता त्याचा पेला भरत राहिला. पोलिसांची धाड पडली ती हातभट्टीवर, म्हणजे बहुधा गावकुसाबाहेरच्या वस्तीवर. आणि जिथे दारू मिळते, पण गरिबाला परवडणारी दारू विषारी असते, तेथे काय होते हे जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसले. शंभराहून अधिक माणसे मेली.

येथे परमपूज्य बाबासाहेबांच्या भूमिकेचा विचार करणे अपरिहार्य आहे. ती आपल्यातील अनेकांना अडचणीची वाटते आणि म्हणून तिचा उल्लेख टाळला जातो. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या 1951 च्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी आहे. बंदीमुळे शासनाचे उत्पन्न बुडते. शिवाय दारू गाळणे हा घरगुती धंदा होऊन बसल्याने पूर्वी केवळ पुरुष पीत तेथे आता स्त्रिया व मुलेही पिऊ लागली आहेत, असा त्या जाहीरनाम्याचा युक्तिवाद होता. रोगापेक्षा उपाय वाईट, असा त्याचा आशय. त्याआधी नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या बाजूने दारूबंदीच्या कलमास विरोध केला होता. तेव्हा हे कलम मार्गदर्शक तत्त्वांतील असल्याने राज्यावर सक्तीचे नाही, असे उत्तर बाबासाहेबांनी दिले होते.

आणि जाहीरनाम्यानंतर पाचच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्याच बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

ही विसंगती आहे काय? विरोधक तसे म्हणतात आणि आपले काही कार्यकर्ते 1951 चा कागद बाजूला सारून या प्रश्नातून सुटका करून घेतात. प्रस्तुत लेखकास दोन्ही मते मान्य नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम वागणूक बांधून टाकतो. तत्त्व विचार करून वागण्याची मोकळीक ठेवते. पंचशीलाची भाषा पाहिली तर हाच भेद दिसतो. तेथे 'करू नकोस' अशी आज्ञा नाही. 'वेरमणी' म्हणजे विरती, आणि 'समादियामि' म्हणजे मी स्वीकारतो. क्रियापद प्रथमपुरुषी आहे. शिपाई दारावर उभा राहून ते म्हणवून घेऊ शकत नाही. दंड करणाऱ्या राज्याकडून जे साधत नाही असे बाबासाहेबांना 1951 मध्ये दिसले, ते त्यांनी 1956 मध्ये माणसाच्या स्वतःच्या मुखातून वदवून घेतले. कूटदन्त सुत्तातही हेच सांगितले आहे. चोरी-दरोडे शिक्षेने थांबत नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व सेवकाला वेतन मिळाले की ते थांबतात, असा सल्ला तेथे राजाला दिला जातो.

म्हणून एखादी गोष्ट गुन्हा राहिली नाही एवढ्याने शीलाचे काही बिघडत नाही. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे व्यभिचारविषयक कलम 497 घटनाबाह्य ठरविले. पत्नीला पतीची मालमत्ता समजणारे ते कलम गेले हे योग्यच झाले. तिसऱ्या शिक्षापदातील एक अक्षरही त्यामुळे सैल झाले नाही.

तथापि येथेच थांबलो तर शासन फार स्वस्तात सुटेल. सुत्तनिपाताच्या धम्मिक सुत्तात गृहस्थाच्या मद्यविरतीची तीन अंगे सांगितली आहेत : स्वतः न पिणे, दुसऱ्यास न पाजणे आणि पिणाऱ्यास अनुज्ञा न देणे. तिसऱ्या अंगासाठी जे क्रियापद आले आहे ते 'अनु' आणि 'ञा', म्हणजे संस्कृत 'अनुज्ञा', याच कुळातले. आपल्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कागदांत परवान्याला 'अनुज्ञप्ती' म्हणतात, हा योगायोग पालीच्या अभ्यासकास चाळवणारा आहे. शिक्षा काढून घेणे वेगळे आणि अनुज्ञा देणे वेगळे. शासन हातभट्टीवाल्या बाईला तुरुंगात पाठवत नसेल तर ते पहिले. शासन दारूच्या उत्पन्नावर अंदाजपत्रक बेतत असेल, विक्री कमी झाल्यास चिंतित होत असेल आणि अधिक दुकानांतून अधिक बाटल्या जाव्यात म्हणून धोरण आखत असेल, तर ते तिसऱ्या अंगाचेच नव्हे, दुसऱ्याचेही उल्लंघन होय. 1951 ची मागणी पहिल्या प्रकारासाठी होती हे खरे. पण त्या जाहीरनाम्यात उत्पन्नाचाही विचार होता हे लपविता येत नाही. ते उत्पन्न कोणाच्या घरातून येते हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र त्याच बाबासाहेबांनी आपल्याला दिला आहे.

जुगाराच्या बाबतीत शासनाची चलबिचल याहून मनोरंजक आहे. 1957 मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हेच, असे ठरविले. बारा वर्षांनी, 1969 मध्ये, महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी काढली. 1976 मध्ये कॅसिनोंचा कायदा केला. तो एकही दिवस अमलात न आणता 2023 मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्यात 1990 च्या दशकात कॅसिनोंना वाट मिळाली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा कित्येक तरुणांचे खिसे आधीच रिकामे झाले होते.

सिगालोवाद सुत्तात द्यूताचे सहा दोष सांगितले आहेत. जिंकणाऱ्याला वैरी मिळतात. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. धनाची हानी डोळ्यांदेखत होते. सभेत त्याच्या शब्दाला मान राहत नाही. मित्र व सहकारी त्याला तुच्छ मानतात. आणि बायकोला पोसू शकणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही. यांत नरक नाही की देवाचा कोप नाही. सगळे दोष याच देही, याच गल्लीत दिसणारे आहेत. चौथ्या दोषाकडे आपल्या संघटनांनी विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. ज्या समाजाला शतकानुशतके सभेत बोलूच दिले नाही, त्याने मिळविलेला शब्द पत्त्यांवर लावणे फार महागात पडते.

उरला प्रश्न उपजीविकेचा, आणि आपल्या जिल्ह्यात तो सर्वांत नाजूक आहे. अंगुत्तर निकायाच्या वणिज्जा सुत्तात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार आहेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष. मद्यव्यापार म्हणजे मद्य तयार करून त्याची विक्री, असा अर्थ अट्ठकथेने दिला आहे. द्राक्षबागेत छाटणीला जाणारी मजूर स्त्री किंवा वायनरीत बाटल्यांचे खोके उचलणारा तरुण यांना या शब्दाच्या कक्षेत ओढणे अर्थाला धरून नाही. ज्याच्या नावावर अनुज्ञप्ती आहे तो उपासक मात्र त्या कक्षेत निश्चित येतो, मग त्याने विहाराला कितीही दान दिलेले असो. विहारांच्या समित्या या बाबतीत डोळेझाक करतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

अनुज्ञा नाकारण्याचे एक साधन कायद्यानेही ठेवले आहे, ते येथे सांगितले पाहिजे. 2008 च्या आदेशानुसार गावातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. चिठ्ठीवर आडवी बाटली व उभी बाटली अशी दोन चिन्हे असतात. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी उपासिका त्या दिवशी शेतावर निघून जाते, तिचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्याच कामी येते.