हेमंतात उघड्यावरची निद्रा

हिंगोली जिल्ह्यात गहू-हरभऱ्याची राखण व रात्रीच्या विजेवर पाणी देणे, यांसाठी अनेक शेतकरी थंडीत शेतातच झोपतात. अशा रुग्णांना आपण तैलाभ्यंग व स्निग्ध आहार सांगतो. अंथरुणाविषयी क्वचितच विचारतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ६) मात्र हेमंतचर्येत अजिन, कौशेय आदींनी आच्छादलेले शयन सांगितले आहे.

आमच्या मते मर्म या आस्तरणातच आहे. गार, ओलसर जमीन देहातील ऊब खालून ओढून घेते. मग वर दोन घोंगड्या असूनही हुडहुडी थांबत नाही. यास्तव कोरडे कपडे घालून, कडब्याच्या जाड थरावर घोंगडी अंथरून निजावे.

मद्याने ऊब भासते. पण त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारून देहोष्मा बाहेर जातो. बंद खोपीत शेगडी ठेवल्यास गंधहीन कार्बन मोनॉक्साइड प्राण घेतो.

हुडहुडी थांबून जीभ जड झाली, ग्लानी आली, तर तो उतार नव्हे, प्राणसंकट होय. ओले कपडे काढून, कोरड्या पांघरुणात गुंडाळून, अभ्यंगात वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही तेल देताना एवढे विचारावे : रात्री अंगाखाली काय अंथरता?