बोलकी माणसे आणि तीन सेकंद

धान कापून झाले, दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यातील केशोरीच्या परिसरात मंडईचे दिवस येतात. दंडार, नाटक, पाहुण्यांची वर्दळ! या गर्दीत एखादा दुरूनच हाक मारतो, हातवारे करीत बोलतो, अनोळखी माणसाशीही पाच मिनिटांत गट्टी जमवतो. दुसरा कडेला उभा राहून सारे पाहत असतो. पहिल्याला आपण बोलका म्हणतो, आणि पुष्कळदा काही कारण नसता हुशारही समजतो. शाळेत तर हे रोजच घडते.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बहिर्मुख आणि अंतर्मुख या स्वभावांचे सविस्तर वर्णन केले. मात्र माणसांचे असे दोन गठ्ठे पडत नाहीत. उंचीप्रमाणेच येथेही बहुतेक जण मधे कोठेतरी असतात. प्रसंगही महत्त्वाचा. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी रोवणीच्या वेळी बांधीत मैत्रिणींबरोबर सर्वांत मोठ्याने हसत असते.

हा फरक येतो कोठून? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्याचा जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिक असावा असे दिसते. हान्स आयझेंक यांचे म्हणणे असे, की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, म्हणून त्याला गोंगाट लवकर नकोसा होतो. बहिर्मुखाला उलट बाहेरची चेतना हवी असते. याच्या पडताळ्यासाठी जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून लाळ मोजण्यात आली. अंतर्मुखांना लाळ अधिक सुटली. (केशोरीची मिरची वापरली असती, तर सगळे सारखेच ठरले असते!) पुढच्या संशोधनात मात्र चित्र इतके सरळ राहिले नाही.

आता संभाषणाकडे वळू. जगातील दहा भाषांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांत सरासरी सुमारे एक पंचमांश सेकंद जातो, असे त्यात आढळले. समोरच्या वस्तूचे नाव आठवून उच्चारायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आपण दुसऱ्याचे बोलणे चालू असतानाच उत्तर जुळवू लागतो. बोलका मुलगा अर्धे उत्तर जुळताच तोंड उघडतो आणि उरलेले बोलता बोलता जुळवतो. अबोल मुलगा आधी पूर्ण वाक्य मनात मांडतो, तोवर पाळी निघून जाते. त्याला उत्तर येत नाही, हा निष्कर्ष येथे चुकतो.

अमेरिकेतील मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून १९७४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते! तीन सेकंद वा अधिक थांबू लागल्यावर उत्तरे लांबली, मुले आपणहून प्रश्न विचारू लागली आणि ‘ढ’ समजली जाणारी मुलेही अधिक बोलू लागली. यासाठी बोलक्यांना दटावावे लागले नाही.

हा प्रयोग तुमच्या वर्गात करता येईल. शिक्षकांची परवानगी घेऊन एका मित्राला सेकंदकाटा असलेले घड्याळ द्या. प्रश्नानंतर किती सेकंदांनी उत्तर आले आणि ते कोणी दिले, हे आठवडाभर वहीत टिपा. पुढच्या आठवड्यात शिक्षकांनी मनात तीन आकडे मोजून मगच नाव घ्यावे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवा आणि दुसऱ्या तक्त्यात नवी नावे किती आली, ते मोजा.