टेबलाखालचं नाक

सकाळचे अकरा वाजलेत. तुम्ही कॉलवर, कॅमेरा चालू, आणि टेबलाखालून एक ओलं नाक तुमच्या गुडघ्याला ढोसतंय. सकाळी फिरवून आणलं, पोटभर खायला घातलं, तरी ह्या बाबाची भुणभुण संपत नाही. आता काय, पुन्हा खाली नेऊन पळवायचं?

पायांचं नंतर बघू. आधी ते ढोसणारं नाकच जरा वाकून बघा. दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडेला एकेक वळणदार चीर दिसेल. रोज समोर असते, पण आपलं तिकडे लक्ष जात नाही. आपण एखादी वस्तू हुंगतो तेव्हा हवा एकाच वाटेनं आत जाते आणि त्याच वाटेनं बाहेर येते. बाहेर येणारा श्वास समोरचा वास उधळून लावतो. कुत्र्याचं तसं नाही. हुंगताना त्याचा उच्छ्वास त्या चिरांमधून बाजूला आणि मागे फेकला जातो, आणि त्या झोताच्या ओढीनं समोरची ताजी हवा नाकाकडे सरकते. म्हणजे श्वास सोडतानाही हा प्राणी पुढचा वास जवळ ओढत असतो! आणि हे सगळं सेकंदाला पाचेक वेळा.

आत तर आणखी गंमत आहे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रेंट क्रेव्हन आणि गॅरी सेटल्स यांच्या गटानं कुत्र्याच्या नाकाचे स्कॅन घेऊन आतली हवा कशी फिरते ते संगणकावर मांडून पाहिलं. हवेला आत शिरताच दोन वाटा फुटतात. बहुतेक हवा फुप्फुसांकडे जाते. सुमारे आठवा हिस्सा मात्र वरच्या वाटेनं थेट नाकाच्या मागच्या कोनाड्यात पोचतो. तिथे हाडांच्या अतिशय पातळ घड्या आहेत आणि त्यांच्यावर वास टिपणाऱ्या पेशींचं अस्तर. श्वास सोडायची वेळ आली तरी ही हवा लगेच बाहेर पडत नाही. तिथेच रेंगाळते, सावकाश तपासली जाते. आपल्या नाकात अशा पेशी पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, वीस-तीस कोटींपर्यंत. आणि 2022 मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना कुत्र्याच्या मेंदूत वास घेणाऱ्या भागापासून थेट दृष्टीच्या भागापर्यंत गेलेले तंतू सापडले. हुंगणं आणि पाहणं ही दोन खाती तिथे आतून जोडलेली आहेत.

आता विचार करा, एवढी सगळी यंत्रणा घेऊन तो राहतो कुठे? दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, जिथली लादी रोज सकाळी फिनाईलनं पुसली जाते.

खाली गल्लीतल्या कुत्र्यांकडे पाहा. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट भारतातल्या मोकळ्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करतोय. त्यांच्या निरीक्षणांत ही मंडळी बऱ्यापैकी आळशी निघाली. दिवसाचा मोठा भाग लोळण्यात जातो. पण खाणं शोधायची वेळ आली की कारभार नाकाकडे. कचऱ्याच्या ढिगात मांसाचा वास कुठे आहे ते आधी हुडकायचं, बाकीचं नंतर. तुमचा लाडकाही दिवसभर लोळतोच, आणि त्यात वावगं काहीच नाही. मोठा कुत्रा दिवसातले निम्मे तास सहज झोपतो. फरक जागेपणी पडतो. गल्लीतल्याला जेवण हुडकावं लागतं. तुमच्याकडच्याला ते स्टीलच्या भांड्यात आयतं मिळतं आणि दोन मिनिटांत संपतं. उरलेल्या दिवसाचं त्यानं करायचं काय?

तुम्ही म्हणाल, आयतं मिळालं तर कुणाला नकोय? पण मेंदूचा हिशेब वेगळा आहे. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर प्रसिद्ध प्रयोग केले. बक्षीस म्हणून दिलेला फळाचा रस तोंडात पडल्यावर पेशी खूश होतील असं आपल्याला वाटेल. सुरुवातीला तसंच झालं. पण रस येण्याआधी दिसणारी खूण माकडांनी ओळखल्यावर त्या पेशी खुणेलाच उसळू लागल्या, आणि अपेक्षित रस आला तेव्हा गप्प! मजा मिळण्यात कमी आणि ‘आता मिळणार, कुठेतरी आहे’ ह्यात जास्त. कुत्र्याच्या नाकासमोर अशा खुणांचा कधी तुटवडा नसतो.

मग शोधायला लावल्यानं कुत्रा खरंच खूश होतो का? त्याला विचारणार कसं? शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2019 मध्ये त्याची एक सुरेख युक्ती प्रसिद्ध केली. खोलीत एका बाजूला ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या भांड्यात कधीच नाही. कुत्र्यांना हे पाठ झालं की भांडं मधोमध ठेवायचं. आता आशावादी कुत्रा तुरुतुरु जाणार, निराश कुत्रा रेंगाळणार. मग अर्ध्या कुत्र्यांना दोन आठवडे खाऊ हुंगून शोधायचा सराव दिला, उरलेल्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. खाऊ दोघांनाही मिळत होता. पुन्हा परीक्षा घेतली, तर हुंगणारे कुत्रे मधल्या भांड्याकडे आधीपेक्षा लवकर गेले. शिस्तीत चालणाऱ्यांत फरक पडला नाही. दोनच आठवडे नाक चालवलं आणि स्वभावात आशा आली!

आता फिरायला जाऊ. आपण काय करतो? घड्याळ बघतो, कारण साडेनऊला मीटिंग. तो खांबापाशी थांबला की पट्टा ओढतो. पंगतीत बसवायचं, पान वाढायचं आणि पहिला घास घेण्याआधी पाहुण्याला दंडाला धरून उठवायचं, असा हा प्रकार. एक फेरी तरी त्याच्या मर्जीची असू द्या: लांब पट्टा, तुमच्याकडून घाई नाही, तो थांबेल तिथे थांबायचं. अर्ध्या तासात दोनशे पावलंच झाली तरी चालतील. मुधोळ हाउंड किंवा पश्मी पाळला असेल तर अर्थात त्याला मोकळं धावणंही हवंच. ही कुत्री ससाण्यासारख्या नजरेनं सावज हेरून पळण्यासाठी घडलेली आहेत, नुसत्या हुंगण्यावर त्यांचं भागणार नाही. उन्हाळ्यात मात्र पहाटच बरी. डांबरावर तुमच्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टेकायला नकोत. शिवाय तापलेला कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो, आणि धापा टाकताना नीट हुंगता येत नाही. दुपारच्या उन्हात पळवलं तर नाक जवळजवळ बंदच.

घरातलं तर आणखी सोपं. रोजचंच खाणं भांड्यात न ओतता सतरंजीवर उधळा. जुन्या टॉवेलात गुंडाळा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टाकून वर कागदाचे बोळे ठेवा. पुठ्ठा फाडून गिळणारा गडी असेल तर टॉवेलच बरा. बाजारात कॉंग नावाचं पोकळ रबरी खेळणं मिळतं, त्याची जन्मकथाही झकास आहे. 1970 च्या दशकात कोलोरॅडोत जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. मार्कहॅम गाडी दुरुस्त करत असताना फोक्सवॅगनच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झच्या हाती लागला आणि दगड सुटले! अशा खेळण्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये गोठवला की तुमची एक मीटिंग निभावते. फोडणी नको, कांदा आणि द्राक्षं तर अजिबात नकोत, ती कुत्र्याला विषारी. पीनट बटर भरत असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते पाहा, तेही घातक.

वेळ मात्र नेमकी साधा. खाऊ कॉलच्या आधी, भुणभुण सुरू होण्यापूर्वी. नाहीतर ढोसलं की दहीभात, एवढा धडा तो एका दिवसात गिरवेल. तुमचं लक्ष कुठे आहे हे त्याला भलतंच चांगलं कळतं. खाऊला मनाई केलेल्या कुत्र्यांवर 2003 मध्ये प्रयोग झाले, तेव्हा माणूस पाठमोरा असला, डोळे मिटून बसला किंवा दुसऱ्या कामात गुंतला की कुत्र्यांनी खाऊ जास्त पळवला. तुमची नजर लॅपटॉपवर खिळली की त्याच्या लेखी तुम्ही घरात असून नसल्यासारखे.

मग सगळ्यात मोलाचा वास कोणता लपवावा? अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीत ग्रेगरी बर्न्स यांनी बारा कुत्र्यांना जागेपणी, न हलता एमआरआय यंत्रात पडून राहायला शिकवलं. ह्याचंच आधी नवल वाटतं! मग त्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा. मेंदूतला सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सर्वांत जास्त चेतला तो घरच्या माणसाच्या वासानं, आणि ते माणूस तेव्हा तिथे हजरही नव्हतं. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत खाऊ संपला असेल तर तुमचा मोजा सोफ्यामागे लपवा आणि शोध म्हणा. धुतलेला नको.