कार्डांमागचे हात
मानव्यविद्यांत संगणक कसा शिरला हे शिकवताना मी फादर रोबेर्तो बुसांपासून सुरुवात करतो. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मपंडिताच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची यंत्राने करावी, म्हणून या इटालियन पाद्र्याने १९४९ साली आयबीएमची मदत मिळवली. १९७४ ते १९८० या काळात सूचीचे ५६ खंड छापले गेले. पण यंत्राला लॅटिन भरवले कोणी? लॅटिन न येणाऱ्या तरुण मुलींनी, कार्डांवर भोके पाडून. छायाचित्रे राहिली, नावे गळाली. आपल्याला हे नवे नाही! ज्युलियान नायहन यांनी पुढे त्यांतल्या काहींना गाठून बोलते केले. आज माझे विद्यार्थी प्रबंधासाठी चॅटजीपीटीला विचारतात. मी त्यांना केनियाचे सांगतो. या यंत्राने सभ्य बोलावे म्हणून तिथले कामगार २०२१ साली अत्याचारांची वर्णने वाचून त्यांवर खुणा करीत. मजुरी तासाला दोन डॉलरच्या आत.